काचेमागची पाटी

मराठी माणसाचं आयुष्य पाटीपासून सुरू होतं. पहिली पाटी दगडी. तिच्यावर 'श्री' काढायचा आणि मास्तरांचं लक्ष नसताना थुंकी लावून पुसायचा. पुढे नोकरीला लागलं की दारावर नावाची पाटी येते. बिऱ्हाड पुण्यात असलं तर त्या पाटीखाली हळूहळू तिची पिल्लावळ जमते: 'बेल एकदाच वाजवावी', 'दार लावून घ्यावे', 'फाटकासमोर वाहन लावल्यास हवा सोडली जाईल'. या सगळ्या पाट्यांचा उद्देश एकच, लोकांनी वाचावं आणि त्याप्रमाणे वागावं.

मोटारीच्या पुढच्या काचेमागे ठेवलेल्या पाटीचा उद्देश मात्र अगदी उलटा असतो. ती वाचून लोकांनी काहीही करू नये, अशी तिची अपेक्षा असते. विशेषतः वाहतूक पोलिसानं. 'महाराष्ट्र शासन', 'शासकीय कामासाठी', 'ऑन ड्यूटी' अशी अक्षरं काचेमागे उमटली, की मोटार कुठेही उभी राहू शकते अशी आपल्याकडे एक श्रद्धा आहे. कोपऱ्यावर, फुटपाथवर, बसथांब्यावर, फार काय, 'नो पार्किंग' या दुसऱ्या पाटीला टेकूनसुद्धा! दोन पाट्या समोरासमोर आल्या की कोणती मोठी, हे आपल्याकडे अक्षराच्या आकारावर ठरत नाही. खालच्या माणसाच्या हुद्द्यावर ठरतं.

या पाट्यांचा मी थोडा अभ्यास केला आहे. निवृत्त माणसाला सकाळी फिरायला जाताना दुसरा उद्योग नसतो. आमच्या घरापासून बागेपर्यंतच्या रस्त्यावर रोज मला एकोणीस पाट्या भेटतात. डॉक्टरांच्या तीन, त्यांतला एक खरा डॉक्टर आहे, एक वाङ्मयाचा आहे आणि तिसऱ्याची मोटार त्याच्या सासऱ्यांनी दिलेली आहे. 'प्रेस' असं लिहिलेल्या दोन. त्यांतले एक गृहस्थ लग्नपत्रिका छापतात, त्यामुळे त्यांना खोटं म्हणता येत नाही. 'पोलीस' लिहिलेली एक स्कूटर आहे. ती चालवणारा मुलगा बारावीत आहे आणि त्याचे मामा पोलिसात होते. 'होते' म्हणजे आता सेवानिवृत्त आहेत. मामा निवृत्त झाले तरी पाटी सेवेत आहे.

पूर्वी हा सगळा मान दिव्याला होता. मोटारीच्या टपावर लाल दिवा फिरायला लागला की रस्ता आपोआप दुभंगायचा. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या दिव्यांना आवर घालायला सांगितलं आणि १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या मोटारींवरचे लाल दिवे उतरलेच. मला वाटलं, चला, एक रोग गेला. पण मोठेपणा ही वस्तू पाण्यासारखी आहे, एक भोक बुजवलं की दुसरीकडून पाझरते. टपावरचा दिवा विझला आणि काचेमागची पाटी पेटली.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक साहेब राहतात. त्यांना सगळे रावसाहेब म्हणतात. एका सरकारी कार्यालयात ते बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर आहेत. माणूस वाईट नाही. गणपतीची वर्गणी पहिली देतात, जिन्यात भेटले की प्रकृती विचारतात आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतात. कार्यालयानं त्यांना कंत्राटदाराकडून भाड्यानं घेतलेली मोटार दिली होती. मोटारीबरोबर एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे बापू म्हणत. आणि मोटारीबरोबर एक पास होता.

हा पास मी जवळून पाहिलेला आहे. बापू गाडी पुसत असताना मी एकदा चष्मा लावून तो पूर्ण वाचला. इतकी वर्षं सरकारी कागद वाचण्यात गेल्यामुळे बारीक अक्षर दिसलं की मला राहवत नाही. वर मोठ्या ठळक अक्षरांत 'शासकीय कामासाठी' असं छापलेलं होतं. त्याखाली गाडीचा नंबर होता. आणि अगदी तळाशी, मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तशा अक्षरांत तीन ओळी होत्या: 'फक्त कार्यालयाच्या आवारात वाहन उभे करण्यासाठी. अहस्तांतरणीय. मुदत ३१ मार्चपर्यंत.' म्हणजे या पासाची सत्ता त्या कार्यालयाच्या फाटकातून आत गेल्यावर सुरू होत होती आणि फाटकातून बाहेर पडल्यावर संपत होती. बाहेरच्या जगात त्याची किंमत धोब्याच्या पावतीइतकी. किंबहुना कमीच, धोब्याच्या पावतीवर निदान कपडे तरी परत मिळतात.

पण तळाच्या ओळी वाचतो कोण? रावसाहेबांच्या घरी हा पास घरातल्या कर्त्या माणसासारखा वागवला जाई. रावसाहेब सकाळी कार्यालयात पोचले की मोटार परत येई आणि पास कामाला लागे. वहिनींची भिशी, मुलीचा गाण्याचा क्लास, तुळशीबागेतली खरेदी, गावाहून आलेल्या आत्याबाईंचं चतुःशृंगीचं दर्शन, ही सगळी शासकीय कामं बापू बिनबोभाट पार पाडत असे. पुण्यातल्या कित्येक रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची असते. आम्ही कॅलेंडर बघून घराबाहेर पडतो. रावसाहेबांच्या मोटारीला तिथी-वाराचा विटाळ नव्हता.

हे पाहून आमच्या सौभाग्यवतीनं एकदा विचारलंच, "अहो, तुम्ही पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलीत. तुम्हाला नाही का असा एखादा कागद मिळाला?"

"मिळाला ना," मी म्हटलं, "पेन्शनचा. पण तो काचेमागे लावला तर पोलीस दयेनं सोडून देईल, मानानं नाही."

आता कुणी म्हणेल, हे फक्त आपल्याकडेच चालतं. असा न्यूनगंड बाळगायचं कारण नाही. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वकिलातींच्या मोटारींना राजनैतिक संरक्षण असे, त्यामुळे चुकीच्या जागी गाडी लावल्याची चिठ्ठी मिळाली तरी दंड भरायची सक्ती करता येत नसे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या चिठ्ठ्यांचा हिशेब मांडला. १९९७ ते २००२ या काळात न भरलेल्या चिठ्ठ्या दीड लाखांवर आणि थकलेली रक्कम १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर! साऱ्या जगाला शांततेनं कसं राहावं हे शिकवायला जमलेली मंडळी आपापल्या मोटारी अशी राहायला लावत होती. नॉर्वे-स्वीडनच्या लोकांनी मात्र संरक्षण असूनही एक चिठ्ठी थकवली नव्हती. मग ऑक्टोबर २००२ मध्ये नियम आला, तीन चिठ्ठ्या थकल्या की गाडीची राजनैतिक नंबरपाटी काढून घ्यायची. त्यानंतर न भरलेल्या चिठ्ठ्या जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी घटल्या. देशोदेशींच्या वकिलांना एकाच महिन्यात वाहतुकीचे नियम समजले. पाटी काढून घेतली की माणसाला पाटीवरचं वाचता येतं, असा याचा अर्थ.

आणि आपल्या मुंबईत एप्रिल २०२१ मध्ये काय झालं आठवतं ना? करोनाची दुसरी लाट. पोलिसांनी अत्यावश्यक कामाच्या गाड्यांसाठी रंगीत गोल चिकटवायला सांगितले. डॉक्टर-नर्स यांना लाल, भाजीपाला-किराण्याला हिरवा, इतर आवश्यक सेवांना पिवळा. हेतू हा, की रुग्णालयाकडे निघालेला माणूस नाक्यावर अडकू नये. रंगीत कागद आणि कात्री घरोघरी असतेच. खोटा गोल लावणाऱ्यावर गुन्हा दाखल करू, असं पोलिसांनी बजावलंही होतं. पण आठवड्याभरातच ती गोलांची पद्धत गुंडाळावी लागली. हिरव्या गोलामागे बसलेला प्रत्येक जण कोथिंबीर घेऊन निघाला आहे, यावर कोण विश्वास ठेवणार? खोट्या पाटीचा खरा दोष हाच, की ती खऱ्या पाटीची पत घालवते. उद्या खराच डॉक्टर कुणाच्या उशाशी धावत असेल, तर त्याच्या काचेवरची अधिक खूण पाहून हवालदार हसेल.

हे सगळं मी गमतीनं सांगतो आहे. गेल्या नोव्हेंबरात मात्र मला हसू आलं नाही.

नोव्हेंबर हा आम्हा पेन्शनरांचा परीक्षेचा महिना. बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला द्यायचा असतो. हल्ली तो घरबसल्या मोबाइलवरूनही देता येतो. पण माझ्या पिढीला आपण जिवंत असल्याचं समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय चैन पडत नाही. मी रांगेत उभा होतो आणि आमच्या आळीतले मास्तर अजून यायचे होते. मास्तर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आणि काखेत कुबडी, एवढ्या सरंजामावर त्यांनी एकतीस वर्षं शाळा केली, एकही खाडा न करता.

त्या बँकेच्या पायऱ्यांना लागून अपंगांच्या वाहनासाठी एक जागा राखलेली आहे. निळी पाटी, तिच्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. त्या जागेत त्या दिवशी रावसाहेबांची मोटार उभी होती. काचेमागे पास, आत बापू.

मी बाहेर आलो आणि म्हटलं, "बापू, अरे ही जागा मास्तरांची आहे."

बापू ओशाळला. "माहीत आहे काका. पण बाईसाहेब समोर साडीच्या दुकानात गेल्यात. 'इथंच थांब, हलू नकोस, मला ऊन सोसत नाही' म्हणाल्या. मी हललो नि त्या आल्या तर?"

बापूची अडचण मला समजत होती. नोकरीतला माणूस 'नो पार्किंग'च्या पाटीला जेवढा भितो, त्याच्या कितीतरी पट 'हलू नकोस'ला भितो.

तेवढ्यात मास्तर येऊन गेले होते. जागा भरलेली पाहून ते न बोलता पुढे गेले आणि चौकापलीकडे स्कूटर लावून कुबडीवर परत यायला निघाले. गुळगुळीत फरशीचा फुटपाथ, त्यावर कुणीतरी नुकतंच पाणी मारलेलं. कुबडी सरकली. मास्तर पडले ते उजव्या हातावर, मनगट मोडलं. दोन पाय असलेल्या माणसाचा हात मोडला तर हात मोडतो. मास्तरांचा उजवा हात म्हणजे त्यांचा दुसरा पाय होता. सहा आठवडे प्लॅस्टर, सहा आठवडे घरात. हयातीचा दाखला द्यायला निघालेल्या माणसाची हयातच धोक्यात आली, असा विनोद त्यांनी स्वतःच रिक्षात बसताना केला. मी हसलो नाही म्हणून ते नाराज झाले.

गर्दी जमली तसा हवालदार आला. त्यानं आधी पासाकडे पाहिलं आणि सवयीनं पाऊल मागे घेतलं. मग, काय वाटलं कुणास ठाऊक, वाकून तळाच्या तीन ओळी वाचल्या. नोव्हेंबर महिना आणि मुदत ३१ मार्च. त्यानं खिशातून मोबाइल काढून गाडीचा, पासाचा आणि निळ्या पाटीचा असे तीन फोटो घेतले. सलाम मात्र कुणालाच केला नाही.

पुढची गोष्ट कायद्याची आहे आणि कायद्याची पुस्तकं चाळायची मला हौस आहे. चुकीच्या जागी गाडी लावण्यासारख्या किरकोळ गुन्ह्याला पूर्वी शंभर रुपये दंड असे. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याचे पाचशे झाले, पुन्हा केला तर दीड हजार. महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये आले. ही झाली गाडीची शिक्षा. पाटीची शिक्षा वेगळी. सरकारी नोकर नसताना त्याची खूण फसवणुकीच्या हेतूनं बाळगली, तर १८६० च्या दंडसंहितेत तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ते दोनशे वाढून पाच हजार झाले. राजमुद्रेचा गैरवापर केला तर २००५ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद. आणि अपंगांसाठी ठेवलेला लाभ लबाडीनं लाटला, तर २०१६ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. थोडक्यात, पाचशे रुपयांची जागा वाचवायला माणूस काचेमागे जो कागद ठेवतो, तो लाखाचा ठरू शकतो.

पण कायदा वरून खाली येताना जिन्यावरून येतो आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी त्याला 'खालच्या मजल्यावर विचारा' म्हणून सांगतं. ई-चलन गाडीमालकाच्या नावे निघालं, म्हणजे कंत्राटदाराच्या. कंत्राटदारानं ती रक्कम बापूच्या पगारातून कापली. मास्तरांच्या मुलानं कार्यालयात तक्रार केली. कार्यालयानं रावसाहेबांना खुलासा मागितला. रावसाहेबांनी लिहून दिलं, "सदर चालकाने परस्पर वाहन नेले." सरकारी मराठीत 'परस्पर' हा फार सोयीचा शब्द आहे. तो लिहिला की लिहिणारा सोडून सगळे दोषी ठरतात. कंत्राटदारानं बापूला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. पास रावसाहेबांचा, खरेदी वहिनींची, मोटार कंत्राटदाराची आणि परस्पर तेवढा बापू!

बापू माझ्याकडे आला. रडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही ऐकलं होतंत ना त्या दिवशी?"

मी एका कोऱ्या कागदावर, जे ऐकलं ते लिहिलं, खाली सही केली आणि कार्यालयात देण्यापूर्वी तो कागद रावसाहेबांच्या घरी घेऊन गेलो. शेजाऱ्याच्या पाठीमागे त्याच्याविरुद्ध लिहिणं मला जमत नाही, समोर जमतं. रावसाहेब वाचून गप्प बसले. मग म्हणाले, "काका, एवढ्याशा गोष्टीसाठी माझ्या सर्व्हिसबुकात लाल शेरा येईल हो."

आतून वहिनी आल्या. त्यांनी कागद हातात घेऊन उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाल्या, "यात एक राहिलंय. 'मला ऊन सोसत नाही' असं मी म्हणाले होते, ते खरं आहे. पण मास्तर जाताना मला दुकानाच्या काचेतून दिसले होते, ते लिहिलेलं नाही. ते मी लिहिते." आणि त्यांनी लिहिलं. खाली सहीही केली. रावसाहेबांनी छताकडे पाहिलं. मला वाटतं, त्या घरात त्या दिवशी प्रथमच एक कागद काचेमागे न ठेवता खरोखर उपयोगी पडला.

तो कागद कार्यालयात गेला. रावसाहेबांचा पास रद्द झाला, समज मिळाली. लाल शेरा आला की नाही हे मी विचारलं नाही. हल्ली ते बसनं जातात आणि बसथांब्यावर कुणाची मोटार उभी दिसली की फार चिडतात. वहिनी मास्तरांकडे डबा घेऊन गेल्या. मास्तरांनी डबा ठेवून घेतला आणि त्यांच्या मुलीला दहावीचं गणित शिकवायला घेतलं, डाव्या हातानं.

कंत्राटदारानंही बापूला परत बोलावलं, पण दोन महिन्यांनी. तोपर्यंत त्यानं बॅज काढून दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवायला घेतली होती आणि तो परत गेला नाही. परवा मी आणि मास्तर त्याच्या रिक्षातून बँकेत गेलो. निळ्या पाटीची जागा रिकामी होती. मी म्हटलं, "बापू, घे इथंच. मास्तर आहेत की बरोबर."

"नको काका," बापू म्हणाला, "रिक्षा मास्तरांची नाही." त्यानं पायरीशी रिक्षा नेली, मास्तरांना हात देऊन उतरवलं आणि पुढे जाऊन कोपऱ्यावरच्या रिक्षास्टँडवर, रांगेत सातवा नंबर लावून उभा राहिला.

त्याच्याही काचेवर पाटी आहे. 'आई-वडिलांचा आशीर्वाद' असं लिहिलेलं आहे. ती दाखवून रिक्षा कुठेही उभी करता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.